घरचं मेयो की तीळ-नारळाचा सॉस? पॅलिओवाल्यांसाठी, दोन्ही करून बघितल्यावर

पॅलिओ, म्हणजे धान्य, कडधान्य, दूध आणि साखर सोडून मांस, मासे, अंडी, भाज्या खायचं डाएट, सुरू केल्यावर भाकरी-भाताची आठवण पहिले पंधरा दिवसच आली, नंतर गेली. पण दही सुटलं आणि शेंगदाण्याची चटणी सुटली, त्या दोघांची जागा काही केल्या भरेना. आमच्या कोल्हापुरात सुक्क्या मटणाच्या ताटात बाजूला दही-कांदा लागतोच आणि रोजच्या जेवणात शेंगदाण्याची चटणी नसली तर जेवण झालंय असं वाटतच नाही. दही दुधाचं म्हणून गेलं आणि शेंगदाणा सुकामेवा नसून कडधान्यांच्या खानदानातला म्हणून गेला, आता नुसतं भाजलेलं चिकन आणि काकडी किती दिवस कोरडी खाणार? मग काहीतरी ओलं, दाट, लावून खायचं घरी करणं आलं. मागच्या दीडेक वर्षात मी दोन गोष्टी सारख्या केल्या, एक अंड्याचं मेयो (मेयोनीज, अंड्यात तेल फेटून केलेला दाट सॉस) आणि दुसरा तीळ आणि नारळाच्या दुधाचा पांढरा सॉस. तालमीतल्या दोघातिघांनी विचारलं की यातलं कुठलं धरू, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

विकतच्या मेयोचा विषय मी घेत नाही. आपल्याकडं मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्या बिनअंड्याच्या असतात, मागची बारीक अक्षरं वाचली की सोयाबीन तेल, साखर, स्टार्च असलं निघतं, म्हणजे ज्याच्यापासून लांब पळायचं तेच सगळं एका बाटलीत.

आधी मेयो. चवीला ते एक नंबर आहे, हे मी आधीच मान्य करून टाकतो. उकडलेलं चिकन बारीक तोडून त्यात कांदा, काकडी आणि दोन चमचे घरचं मेयो घातलं की दुसरं काही नको वाटतं. करायलाही अवघड नाही, फक्त एक गोष्ट आधीच सांगतो, नुसतं एक पिवळं बलक मिक्सरच्या जारमध्ये टाकलं तर ते पात्याच्या खाली जाऊन बसतं आणि पातं वरच्यावर हवेत फिरत राहतं. म्हणून मी अख्खं अंडं घेतो, तेही फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवलेलं, चटणीच्या लहान जारमध्ये, सोबत लिंबाचा रस, मीठ आणि अर्धा चमचा फेसलेली मोहरी. ही फेसलेली मोहरी म्हणजे आपली लोणच्यातलीच, थोड्या पाण्यात नाकात झणझणेपर्यंत वाटलेली, ती चवीला तर छानच लागते पण तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायलाही मदत करते. मग साधारण पाऊण वाटी तेल अगदी बारीक धारेनं. घाई केली की फुटतं. फुटलं तर टाकून देऊ नका, दुसऱ्या भांड्यात नवीन बलक घ्या आणि फुटलेलं मेयो त्यात चमचा-चमचा करून घालत फेटा, परत जमून येतं. हँड ब्लेंडर असेल तर अजून सोपं, उंच अरुंद ग्लासात खाली अंडं, वर सगळं तेल, ब्लेंडर तळाला टेकवून वीसेक सेकंद न हलवता धरायचा आणि मग हळू वर घ्यायचा.

आता तेल कुठलं, हा प्रश्न मेयोवाल्यांना सुटत नाही. घाण्याचं शेंगतेल आपल्याकडं सहज मिळतं पण ते शेंगदाण्याचंच. सूर्यफूल, करडई, सोयाबीन ही बियांची तेलं पॅलिओवाले टाळतात. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑईल मी मोठ्या हौसेनं आणलं तर मिक्सरमध्ये जोरात फिरवल्यावर मेयो कडू झालं, इतकं की वाटलं अंडंच खराब होतं, नंतर कळलं की ते तेल जोरात फिरवलं की कडवटपणा सुटतोच. हातानं फेटलं तर कमी होतो, पण हातानं पाऊण वाटी तेल फेटायचं म्हणजे सकाळी कामावर जायच्या गडबडीत कुणाला जमणार? खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळं डिसेंबरात रंकाळ्यावर धुकं असतं तेव्हा आमच्या किचनमध्ये बाटलीतच दगड झालेलं असतं आणि त्याचं मेयो फ्रिजमध्ये ठेवलं तर सुरीनं कापावं लागतं. घाण्याचं तीळतेल चालतं पण त्याचा वास सगळ्यावर चढतो. शेवटी साधं, हलक्या चवीचं ऑलिव्ह तेल किंवा अव्होकाडोचं तेल उरतं. पहिलं रिफाईंड असतं आणि दुसरं खिशाला लागतं. मी पहिल्यावर तडजोड केली होती, तुमचं तुम्ही ठरवा.

कच्च्या अंड्याचंही थोडं बोलायला पाहिजे. केरळनं २०२३ मध्ये, तेलंगणानं २०२४ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोवर बंदी घातली. ती विक्रीसाठीची बंदी होती, घरी ताज्या अंड्याचं करून फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवणं वेगळं आणि गाड्यावर उन्हात दिवसभर उघडं ठेवणं वेगळं. तरी घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर मी कच्चं वापरणार नाही. उकडलेल्या अंड्याचं करता येतं, तेच सगळं साहित्य, फक्त अंडं पूर्ण उकडलेलं आणि वर दोन चमचे पाणी. चव मेयोच्या जवळ जाते, झुळझुळीत होत नाही, पण सँडविचच्या आत लपतं तसं इथं सॅलडमध्ये लपून जातं.

इथपर्यंत मेयोच पुढं होतं. तेल सापडलं होतं, हात बसला होता. माझं गाडं अडलं ते जारवर.

आमच्या घरात आम्ही सगळे मटण खाणारे, पण आई मंगळवारी आणि शुक्रवारी वशाट शिवत नाही, शुक्रवार अंबाबाईचा. आणि घरात मिक्सर एकच. मी गुरुवारी रात्री मेयो करायचो, जार घासून, पालथा घालून ठेवायचो आणि शुक्रवारी सकाळी आईनं त्यात खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली की झाकण उघडल्या उघडल्या अंड्याचा वास. ती काही बोलायची नाही, जार तसाच बाजूला ठेवायची आणि पाटा काढायची. सत्तरीच्या घरातली बाई गुडघ्याच्या दुखण्यासकट खाली बसून पाट्यावर चटणी वाटतेय आणि मी तिथंच उभा, हे मला दोनदा बघवलं, तिसऱ्यांदा बघवलं नाही.

मी काय नाही केलं? आधी मला हे माहीतच नव्हतं की अंड्याचं भांडं गरम पाण्यानं धुवायचं नसतं, गरम पाण्यानं अंडं शिजून चिकटतं, म्हणून आधी गार पाण्यानं खळबळायचं आणि मग साबण. ते केलं. लिंबाची साल घासली, बेसन लावून ठेवलं, मीठ घालून मिक्सर फिरवला, उन्हात ठेवला. जारला वास नव्हता मग, तरी झाकण उघडलं की यायचाच. शेवटी झाकणाचं रबर काढून नाकाशी धरलं तेव्हा कळलं, सगळा वास त्या रबरात आणि पात्याच्या खालच्या वायसरमध्ये बसलेला असतो, कारण मेयो म्हणजे अंडं अधिक तेल आणि ते तेल फटीत शिरून बसतं, पाणी तिथं पोचतच नाही. रबर दर वेळी काढून धुतलं तर ते सैल होतं आणि मग ताक घुसळताना झाकणातून उडतं. वेगळा जार घेतला तर तो आमच्या जुन्या मिक्सरला बसेना, हँड ब्लेंडर आणला तर त्याच्या दांडीच्या टोकाला तीच फट. तुमच्याकडं असला वार-बिर काही नसेल तर तुम्हाला हे लई छोटं वाटेल, आणि कदाचित छोटं असेलही. पण रोजच्या वापरातल्या वस्तूचा निकाल असल्या गोष्टीच लावतात असा माझा तरी अनुभव आहे.

तीळ-नारळाचा सॉस त्यातूनच सुरू झाला. खरं तर नवीन काहीच नाही, आपल्या पांढऱ्या रश्शातून मटणाचं आळणी पाणी आणि गरम मसाला काढला तर काय उरतं? नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. तेच दाट ठेवायचं आणि लिंबानं आंबट करायचं. माझे पहिले दोनतीन प्रयत्न फसले कारण मी ओलं खोबरं सरळ वाटून घालत होतो, ते कितीही वाटलं तरी जिभेला चोथा लागायचा आणि इडलीबरोबरची चटणी खाल्ल्यासारखं व्हायचं. मग आईच म्हणाली, "अरे, रश्शाला घालतो तसं दूध काढ की." तेव्हापासून जमलं.

पाव वाटी पॉलिशचे तीळ चार तास भिजवायचे. पॉलिशचेच घ्या, लक्ष्मीपुरीत किराणा दुकानात संक्रांतीच्या लाडवाचे म्हणून मागितले की देतात, सालीचे घेतले तर कडवट लागतं आणि रंगही मळकट येतो. भाजायचे नाहीत, भाजले की वास चांगला येतो पण मग सगळं तिळकुटासारखं लागतं. अर्ध्या नारळाची काळी पाठ काढून, अर्धी वाटी कोमट पाणी घालून वाटायचं आणि फडक्यातून पिळून पहिलं दाट दूध घ्यायचं. राहिलेला चोथा फेकू नका, सुक्क्यात परतून टाका. आता निथळलेले तीळ, अर्धं लिंबू, तीन पाकळ्या लसूण, एक हिरवी मिरची, चिमूटभर जिरं आणि मीठ असं आधी एकत्र वाटायचं. लिंबू पडल्यावर तीळ एकदम घट्ट होऊन गोळा झाल्यासारखं वाटतं, घाबरायचं नाही, मग नारळाचं दूध थोडं-थोडं घालत गेलं की सैल होऊन पांढरंशुभ्र, दाट होतं. तेलाचा एक थेंब नाही, त्यामुळं कुठलं तेल हा प्रश्नच मिटला.

याच्यातही खोट आहे, नाही असं नाही. मेयोसारखं चकचकीत होत नाही. अंड्याच्या सॅलडमध्ये किंवा थंड चिकनमध्ये ते मेयोची बरोबरी करत नाही, तिथं मला आजही मेयोची आठवण येते. फ्रिजमध्ये नारळाची चरबी गोठून वर थर धरते, त्यामुळं खायच्या आधी वीस मिनिटं बाहेर काढून चमचाभर गरम पाण्यात ढवळावं लागतं. आणि टिकायला मेयोपेक्षा कमी, मेयो मी तीन दिवस नेतो, याची चव दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून उतरायला लागते, एप्रिल-मेमध्ये तर त्याच्याही आधी आंबतो. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला तर दोन आठवडे माझ्याकडं चांगला राहिलाय, पण सुटल्यावर परत एकदा मिक्सरमधून काढावा लागतो.

पण गरम गोष्टीबरोबर त्याला तोड नाही असं मला वाटतं. सुक्क्या मटणावर मेयो घालून बघा, तेलावर तेल होतं आणि मसाला दबतो, हा सॉस घातला तर सुक्कं आणि पांढरा रस्सा एकाच घासात आल्यासारखं लागतं. भाजलेला पापलेट, तव्यावरची वांगी, वाफवलेला फ्लॉवर, सगळ्यावर चालतो. वर अर्धा चमचा कांदा-लसूण चटणी टाकली की झालंच, फक्त घरच्या चटणीचा मसाला शेंगतेलात तळलेला असतो हे लक्षात ठेवा. ज्यांना काटेकोर राहायचंय त्यांनी उन्हाळ्यात डंकावर कुटायला न्यायच्या आधी आपला वाटा खोबरेलात तळून घ्यावा, आम्ही यंदा अर्धा किलो तसा वेगळा केला, रंगात काही फरक नाही, वास थोडा गोडसर येतो.

केचपचं कुणी विचारलं तर त्यात निवड करण्यासारखं फार नाही. टोमॅटो, आमसूल, लसूण, साखरेच्या जागी चारपाच खजूर, आटवायचं आणि गाळायचं. गूळ घालायचा मोह होतो, कोल्हापूरचा गूळ घरात असताना तर होणारच, पण पॅलिओच्या हिशेबात तोही साखरेच्याच रांगेत बसतो.

तर तुम्ही एकटे राहत असाल, सॅलड जास्त खात असाल, किचनमध्ये अंड्याला कसली आडकाठी नसेल, तर बहुतेक तुम्हाला मेयोच बरं पडेल आणि मी त्यात चूक काढणार नाही. घरात चार माणसं एकाच मिक्सरवर असतील आणि ताटात गरम मटण-मासळी-भाजी जास्त असेल तर आधी तीळ भिजत घालून बघा. आमच्याकडं आता मेयो महिन्यातनं एखाद्या रविवारी होतं, ब्लेंडर न लावता, वाडग्यात हातानं फेटून, मुलगी तेलाची धार धरते. तीळ मात्र एक दिवसाआड भिजत पडतात, आणि मिरची न घातलेली एक वाटी आई तिच्या भाकरीबरोबर खायला आधीच बाजूला काढून घेते.