आशाताईंच्या घरभेटी: घरात तान्हं बाळ असेल तर हा रिव्ह्यू वाचाच

रेटिंग ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते पुढे सांगते.

बहीण बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, वजन दोन किलोला थोडं कमी. डिस्चार्ज घेऊन घरी आलो आणि लगेच आशाताई दारात. आधी साबणाने नीट हात धुतले, बाळाच्या काखेत थर्मामीटर लावलं, झोळीच्या काट्यावर वजन केलं, मग बाळ शांत व्हायची वाट बघितली आणि घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ६० किंवा त्याच्या वर आले तर परत मोजायचे आणि दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर थेट दवाखाना गाठायचा, हे आम्हाला पण शिकवलं. तळपाय गार लागले तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायला लावलं. आजीला आंघोळ, गुटी, काजळ सगळं करायचं होतं, तर ताई म्हणाल्या "आजी, आंघोळ घालाल हो नंतर, आत्ता त्याला आईची ऊब आणि आईचंच दूध द्या". आजीने ऐकलं बरं का, आमचं कुणाचं ऐकलं नसतं.

पुढच्या भेटीत त्यांनी बघितलं की बाळ दूध ओढता ओढता झोपतंय आणि तळपायापर्यंत पिवळं दिसतंय. आम्हाला वाटलेलं थोडीफार कावीळ सगळ्याच बाळांना होते, उन्हात धरलं की जाईल. त्यांनी तिथूनच १०२ ला, म्हणजे सरकारी ॲम्ब्युलन्सला, फोन लावला आणि बाळ जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात) निळ्या लाईटखाली गेलं. आता मस्त आहे, पैसा लागला नाही, आजारी नवजात बाळाचे उपचार आणि ने-आण सरकारी योजनेत फुकट असते.

ही पद्धत आपल्या गडचिरोलीतली आहे हे कितीजणांना माहितीये? डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना हे शिकवलं, श्वास मोजणं, ऊब देणं, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा, आणि तिथले नवजात मृत्यू (जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आतले) ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ ला 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, २०११ पासून देशभर आशांमार्फत सुरू झालं. नवजात मृत्यूंपैकी साधारण तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात, म्हणजे नेमकं बाळ नुकतंच घरी आलेलं असतं तेव्हा, म्हणून कुणीतरी घरी येऊन बघणं इतकं महत्त्वाचं. अर्थात दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, एसएनसीयू आले, त्याचाही वाटा मोठा आहेच. २०२० च्या सरकारी आकडेवारीत महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे ११ नवजात मृत्यू, देशात २०.

आता कापलेला स्टार. आमच्या गल्लीतल्या एका ताईंचं बाळ पोटातच गेलं. त्यांच्याकडे कुणीच फिरकलं नाही. ना बीपी बघायला, ना दूध दाटलंय त्याचं काय करायचं सांगायला, ना नुसतं विचारपूस करायला. बाई बाळंतीण तर तीही होती ना! घरभेटी बाळ जन्मल्यावर सुरू होतात, त्यामुळे मृत जन्म त्याने कमी होणारच नाहीत, त्याला गरोदरपणात बीपी, हिमोग्लोबिन, शुगर वेळेवर बघणं आणि कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके वरचेवर ऐकणं, गरज पडली तर लगेच सिझर हे लागतं. जगातले ४० टक्क्यांहून जास्त मृत जन्म कळा सुरू झाल्यानंतरचे असतात, म्हणजे कळा येईपर्यंत ते बाळ जिवंत असतं! ह्यावर नवजात मृत्यूइतकं कुणी बोलत नाही ह्याचा मला खरंच राग येतो.

दुसरी तक्रार आशाताईंच्या बाजूने. सगळ्या भेटी पूर्ण केल्या की एका बाळामागे २५० रुपये मानधन. इतक्या जबाबदारीच्या कामाला हे फार म्हणजे फारच कमी आहे.

वापरायचं कसं: बाळंतपण दवाखान्यात झालं तर ६ भेटी, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून ७. आणि मुलगी माहेरी येणार असेल तर माहेरच्या आशाताईंना आधीच सांगून ठेवा, कारण नाव सासरच्या यादीत असतं आणि इकडे कुणाला पत्ताच नसतो. आम्ही सातव्या महिन्यातच बहिणीचं गरोदरपणाचं कार्ड दाखवून नंबर घेऊन ठेवलेला.