फेंडर रोलिंगच्या नावाखाली ग्राइंडर फिरवला, माझे 2,12,500 रुपये गेले

हे लिहायला मला तीन महिने लागले, कारण लाज वाटत होती. घरच्यांना अजून खरा आकडा सांगितलेला नाही. पण गेल्या आठवड्यात ऑफिसमधला एक मुलगा, मी जिथे फसलो त्याच शेडमध्ये गाडी कामाला द्यायला निघाला होता. त्याला अडवलं आणि ठरवलं की आता लिहायचंच.

माझी 2016 ची फोक्सवॅगन पोलो. तीन वर्षं पैसे साठवून ठरवलं होतं की गाडी 40 मिलीमीटर खाली घ्यायची, 17 इंची अलॉय टाकायचे आणि टायर घासू नये म्हणून चारही फेंडर रोल करून घ्यायचे, म्हणजे चाकावरच्या कमानीची आतली कड दुमडून घ्यायची. 8 मार्च 2025 ला, शनिवारी, हायवेलगतच्या त्या शेडमध्ये गाडी नेली. गाडी खाली आणणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग 26,000, चार अलॉय 42,000, 205/40 आर17 चे चार टायर 30,000, रोलिंग एका चाकाला 2,500 प्रमाणे 10,000. एकूण 1,08,000. जागेवर 60,000 यूपीआय केले. स्प्रिंगचा डबा टेबलावर ठेवलेला होता, सीलबंद. तो मी उघडायला लावला नाही.

मला यातलं काही कळत नव्हतं असं कोणी समजू नये. चाक काढून हबवर, म्हणजे चाक जिथे बसतं तिथे, रोलर बसवतात, हीट गनने रंग हात जेमतेम ठेवता येईल इतका तापवतात, मग आतली कड थोडी थोडी करत तीन-चार फेऱ्यांत दुमडतात, हे मी नीट वाचून गेलो होतो. एका चाकाला अर्धा-पाऊण तास सहज जातो. घाई केली तर रंगाला तडे जातात. हे सगळं त्या शेडवाल्याने मी न विचारता सांगितलं. "दादा, मी हातोडी लावत नाही, आपलं काम रोलरचंच," हे त्याचे शब्द. माझ्या एका मित्राची गाडी त्याने आधी केली होती, ती मी डोळ्यांनी पाहिली होती. यापेक्षा जास्त खात्री ग्राहकाने कशी करायची?

आणि मग सुरू झालं. गाडी जॅकवर चढली, चाकं निघाली आणि फोन सुरू झाले. "दादा, नुसत्या रोलिंगने भागत नाहीये, पुल करावं लागेल," म्हणजे पत्रा बाहेर ओढायचा, 14,000. "मागे रंगाला तडा गेला, दोन्ही बाजू मारून घेऊ," 16,000. "लग नट वेगळे लागतील," 1,200. गाडी चाकांशिवाय उभी असताना माणूस नाही कसं म्हणणार? मी आणखी 30,000 पाठवले.

आणि हा नटांचा फोन! पोलोच्या हबला स्टड, म्हणजे नट बसवायचे आट्यांचे दांडे, नसतातच, चाक बोल्टने बसतं. मला हे माहीत होतं. फोन ठेवल्यावर मनात आलंही की हा नट कसले मागतोय, आणि मीच समजूत काढली की बोल्टला नट म्हणत असेल.

त्याहून मोठी चूक 12 मार्चच्या संध्याकाळची. न कळवता शेडवर गेलो होतो. गाडी मागच्या भिंतीला लावलेली, मागचं उजवं चाक काढलेलं, जळलेल्या रंगाचा आणि लोखंडाचा वास. चाकापाशी जमिनीवर ग्राइंडर, त्याची डिस्क अर्धी झिजलेली. मला पाहताच पोराने त्यावर फडकं टाकलं. रोलर खुंटीला टांगलेला होता. मी जवळ जाऊन पाहिला. त्याच्या चाकावरचं पारदर्शक प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं, आणि त्या प्लास्टिकवर धूळ बसली होती. सकाळीच फोनवर तो म्हणाला होता की आज रोलरवर दोन गाड्या झाल्या.

मी दोन फुटांवर उभा होतो. ते प्लास्टिक बोटाने चाचपलं. आणि विचारलं काय, तर "सोमवारपर्यंत होईल ना?" पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण या एका प्रश्नाने मला अजून झोप लागत नाही. त्या क्षणी गाडी ओढून नेली असती तर निदान डावी बाजू वाचली असती. पण 90,000 आधीच त्याच्याकडे, गाडीला चाकं नाहीत, आणि शेडमध्ये त्याची चार माणसं. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं हे घरी बसून ठरवू नका.

17 मार्चला गाडी मिळाली. दिसायला सुंदर होती, खोटं कशाला बोलू. उरलेले 49,200 रोख दिले, कारण "बिल केलं तर जीएसटी लागेल". रोख देऊ नका. बिल नाही तर काम नाही, तिथूनच परत फिरा. माझी जुनी 15 इंची अलॉय आणि टायर त्याने 14,000 ला ठेवून घेतले, पैसे "पुढच्या आठवड्यात". तो आठवडा अजून आलेला नाही.

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकी चढताना प्रत्येक वळणाला मागून टायर घासल्याचा आवाज, आणि खड्ड्यातून चाक सुटलं की पुढून खडखड. बाबा दोनदा म्हणाले, गाडी थांबव. साताऱ्यात ओळखीच्या मिस्त्रींनी गाडी वर घेतली, टॉर्च मारला आणि मला खाली बोलावलं. स्प्रिंग लाल रंगाच्या होत्या. नखाने खरवडलं तर खाली कंपनीचा काळा रंग. टोकाला ग्राइंडरने कापल्याची सपाट, चकचकीत खूण. "हे कापलंय हो," एवढंच ते म्हणाले. माझ्याच गाडीच्या स्प्रिंग कापून, रंगवून, मला 26,000 ला विकल्या होत्या. कापलेली स्प्रिंग चाक लोंबकळलं की जागेवर सैल होते, खडखड त्याचीच. आई-बाबांना बसवून मी त्या स्प्रिंगवर घाट चढलो होतो. नवीन स्प्रिंगच्या वेटोळ्यावर पार्ट नंबर असतो. पैसे देण्याआधी तो वाचा, फोटो काढा.

चाकांवर आतून ईटी 25 असा ठसा होता. मला सांगितलेले ईटी 35. ईटी म्हणजे ऑफसेट, आकडा जितका लहान तितकं चाक बाहेर. म्हणजे प्रत्येक चाक 10 मिलीमीटर जास्त बाहेर. पुल करायची गरज त्यानेच तयार केली आणि तिचेच 14,000 घेतले. चाक बसवण्याआधी उलटं करून ठसा बघा, एक मिनिट लागतं.

घरी येऊन फ्रिजवरचं लोहचुंबक घेतलं. दाराला ते पटकन चिकटलं. तसंच सरकवत मागच्या कमानीवर नेलं, तर सैल पडलं आणि जमिनीवर आलं. दुसऱ्या बाजूलाही तेच. पत्रा ओढलाच नव्हता, आतली कड ग्राइंडरने कापून बाहेरून पुट्टीचा थर चढवला होता. पुढचे फेंडर बोल्टचे असतात, बिघडले तर बदलता येतात. मागचा पॅनल बॉडीला वेल्ड केलेला असतो, आणि कमानीच्या कडेला बाहेरचा आणि आतला पत्रा जोडून सीलंट भरलेलं असतं. ती कड कापली की जोडच उघडा पडतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलं, कापलेल्या कडेला गंज धरला. दोन्ही मागचे पॅनल नीट करायला 41,500, स्प्रिंगचा सेट आणि अलाइनमेंट 17,800. त्याला दिलेले 1,39,200, जुन्या चाकांचे बुडालेले 14,000. बेरीज वर शीर्षकात आहे.

आता पोलीस. पहिल्या खेपेला, "काम केलंय ना त्याने? आवडलं नाही म्हणजे फसवणूक होत नाही." दुसऱ्या खेपेला कापलेली स्प्रिंग पिशवीत घालून टेबलावर ठेवली. "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मी म्हणालो, नवीन वस्तू देतो सांगून माझीच जुनी वस्तू मला विकली, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मग कशासाठी आहे? तर म्हणे, साहेब राउंडला गेलेत. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले आणि त्यांनी माझीच आरसी मागितली. गाडी खाली घेतली, चाकं बदलली, मोटार वाहन कायदा कलम 52, आणि 182अ(4) खाली दर बदलामागे 5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, "करू का सुरुवात तुमच्यापासून?" ते कलम गाडीच्या मालकाला धरतं, हे मला मान्य आहे. माझं जे चुकलं त्याचा दंड मी भरीन. पण म्हणून ज्याने माझ्या गाडीचा पत्रा कापला आणि लाखभर रुपये लुबाडले तो मोकळा? अशा प्रत्येक शेडवाल्याला पक्कं माहीत असतं की ग्राहक या भीतीने चौकीची पायरी चढणार नाही. त्याचा सगळा धंदा या भीतीवर चालतो, आणि चौकीत बसलेली माणसं ती भीती त्याच्यासाठी राखून ठेवतात. तीन चकरा, तीन अर्ध्या रजा, आणि शेवटी हाताला लागला अर्जावरचा एक शिक्का. गुन्हा नाहीच. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने तर डिकी बघून मानच हलवली, बदल कळवलेले नाहीत, क्लेम नाही.

अर्जाची पोच घेतल्याशिवाय चौकीतून उठू नका. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, मी पाठवली आहे. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ग्राहक आयोगात मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि सल्ल्याला 1915 वर फोन करता येतो. माझी तक्रार दाखल झाली आहे. यूपीआयचे 90,000 सिद्ध होतात, रोख 49,200 होत नाहीत.

काम चालू असताना समोर उभे राहा. उभं राहू देत नसतील तर गाडी देऊ नका.

एक विनंती. परवा माझीच जुनी चाकं 18,000 ला विकायला काढलेली दिसली. पोलोची 15 इंची अलॉय, चारचा सेट, त्यातल्या एका चाकाच्या कडेला फुटपाथला घासल्याची चंद्रकोरीसारखी खूण आहे. तुम्हाला कोणी दाखवली तर घेऊ नका, आणि दाखवणाऱ्याचा फोटो काढून ठेवा. मला आयोगासमोर लागेल.