जुन्या पुस्तकांच्या दुरुस्तीचं किट: अर्धं कामाचं, अर्धं नुसतं दाखवायला

ऑनलाइन मागवलं होतं, व्यवस्थित वापरून झाल्यावर मगच लिहितोय. डब्यात जपानी टिश्यू, गव्हाच्या स्टार्चची पावडर, मऊ ब्रश, कोरडा रबरी स्पंज, पारदर्शक टेप, चामड्याचं तेल आणि पांढरे सुती हातमोजे एवढं येतं.

टिश्यू मात्र एक नंबर! कोझोच्या (तुतीच्या कुळातलं झाड) सालीचा, लांब धाग्यांचा, इतका पातळ की फाटक्या पानावर बसला तरी खालची अक्षरं आरामात वाचता येतात. फक्त कात्रीने कापू नका, ओल्या ब्रशने रेघ मारायची आणि हळूच ओढून फाडायचा, म्हणजे कडेला तंतू सुटे राहतात आणि ते पानावर छान बसतात, नाहीतर सरळ कापलेल्या कडेवरच पान पुढे मोडायला लागतं. पावडरची खळ नीट शिजते, गुठळ्या झाल्याच तर गाळून घ्यायची. लावताना अगदी कमी लावायची आणि वर ब्लॉटिंग पेपर आणि वजन ठेवून वाळवायचं, घाई केली की पान आक्रसलंच म्हणून समजा. आणि पुढे कोणाला ही दुरुस्ती काढायची झाली तर ओल दिल्यावर सुटते, माझ्या मते सगळे पैसे याचेच आहेत.

पण एक गोष्ट माहितीपत्रकात द्यायलाच हवी होती. जुनी हस्तलिखितं बऱ्याचदा लोहयुक्त शाईची असतात, ती तपकिरी पडते, कागद खाते, आणि तिथे ओली खळ लागली की शाईतलं लोह पाण्याबरोबर आजूबाजूच्या कोऱ्या कागदात पसरतं आणि तोही खराब व्हायला लागतो. त्यामुळे छापील पुस्तकावर बिनधास्त वापरा, अशा शाईच्या पानाला हात लावू नका, ते काम कॉन्झर्व्हेटरचं, म्हणजे जुने कागद जतन करणाऱ्या तज्ज्ञाचं.

स्पंज धुळीला चांगला, पेन्सिलच्या नोंदी असतील तिथे मात्र नको, त्या पण पुसल्या जातील.

आता बाकीचं. टेपवर 'आर्कायव्हल' (म्हणजे दीर्घकाळ जतनासाठी चालणारी) छापलंय, साध्या सेलोटेपपेक्षा बरी असेलही, पण चिकट टेप ती चिकट टेपच, दुर्मिळ पुस्तकाला कशाला लावायची? चामड्याचं तेल पूर्वी ग्रंथालयांत सर्रास चोळायचे, आता जाणकार टाळतात कारण चामडं काळपट पडतं, चिकट होतं, वरून धूळ धरतं. हातमोज्यांचं तर काय बोलावं, फोटोत भारी दिसतात पण बोटांना पानाची कडच कळत नाही आणि ठिसूळ पान असलं की टर्रकन फाटतं. हात धुवून पूर्ण कोरडे केले की झालं.

या तीन गोष्टींच्या जागी कंपनीने हवेतली आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर द्यायला काय हरकत होती? आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायचा धोका, मग टिश्यू लावून तरी काय करणार.

5 पैकी 3 स्टार. टिश्यू आणि स्टार्च सुटं मिळत असेल तर तेवढंच घ्या.