कोडी, सिनेमा, संगीत की चालणं? निवांत शनिवार-रविवारसाठी काय निवडाल

दोन दिवस मोकळे आहेत, कुठे जायचं नाही, कुणी यायचं नाही. अशा वेळी चार गोष्टी सहज हाताशी असतात: कोडी, सिनेमे, संगीत आणि चालणं. चारही चांगल्याच, त्यामुळे सर्वांत चांगलं कोणतं या प्रश्नात फारसा अर्थ नाही. मी एवढंच बघतो, की एकदा सुरू केल्यावर ही गोष्ट आपल्याला कधी आणि कशी सोडते. निवांत सुट्टीचा बेत बहुतेक वेळा इथेच फसतो. सुरुवात सगळ्यांनाच जमते. पण रात्री दीड वाजता "आता एवढंच" म्हणत बसलेल्याचा दुसरा दिवस आदल्या रात्रीच निम्मा संपलेला असतो.

कोडी म्हणजे एकच गोष्ट नव्हे. सुडोकू, शब्दकोडं आणि जिगसॉ यांचे स्वभाव पार वेगळे आहेत. सुडोकू आटोपशीर: ८१ घरं, १ ते ९ आकडे, उत्तर एकच. ते एकच यावं यासाठी सुरुवातीला किमान १७ आकडे दिलेले असावे लागतात, हे २०१२ मध्ये संगणकावर सगळ्या शक्यता तपासून सिद्ध झालं. म्हणून १७-१८ आकड्यांचं कोडं सर्वांत अवघड असेल असं मात्र नाही. कोणती युक्ती लढवावी लागते यावर ते ठरतं. २५ आकडे दिलेलं कोडंही घाम फोडू शकतं. अर्धा-पाऊण तास लागतो आणि विषय संपतो. अट एकच, चूक होता कामा नये. चुकीचा आकडा तिथल्या तिथे कळत नाही. दहा-पंधरा घरं भरून झाल्यावर एका ओळीत दोन सात दिसतात, आणि मग सगळं खोडण्याशिवाय गत्यंतर नसतं.

शब्दकोडं सुट्टीसाठी जास्त सोयीचं, कारण ते अर्धवट सोडता येतं. पत्रकार आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आलं तेही रविवारच्याच पुरवणीत. सकाळी चार शब्द अडतात, दुपारी त्यातले दोन काही न करता सुचतात. डोकं खाजवत बसण्यापेक्षा कागद तसाच टेबलावर ठेवून उठलेलं बरं.

आणि जिगसॉ. हा सगळ्यांत चिवट. १००० तुकड्यांचं चित्र पुरं झाल्यावर साधारण ७० बाय ५० सेंटिमीटरचं होतं, पण सुटे तुकडे पसरायला त्याच्या दुप्पट तरी जागा लागते. म्हणजे टेबल दोन दिवस गेलं असं समजा. कडेचे तुकडे असतात सव्वाशेच्या आसपास. ते वेचून चौकट लावली की आपण भलतेच हुशार आहोत असं वाटायला लागतं. मग येतं आकाश. एकाच निळ्या रंगाचे दोनशे तुकडे, आणि आता चित्राचा काही उपयोग नाही, फक्त आकार बघायचा: दोन खुंट्या समोरासमोर आणि दोन खाचा असलेले एकीकडे, तीन खुंट्यांचे दुसरीकडे, एकाच खुंटीचे तिसरीकडे. हे काम दिवसाउजेडी करा. पिवळट दिव्याखाली निळ्याच्या दोन छटांमधला फरक दिसत नाही आणि उगाच चिडचिड होते. दुसरं म्हणजे तुकडे दुप्पट झाले की वेळ दुपटीहून बराच जास्त लागतो, कारण प्रत्येक तुकडा ताडून बघायला समोरचा ढीगही मोठा असतो. दोन दिवसांत संपवायचंच असेल तर ५०० चा घ्या. हजाराचा घेतलात तर तो पुठ्ठ्यावर किंवा पाटावर लावा, म्हणजे उचलून बाजूला ठेवता येईल. जिगसॉ आपण होऊन कधीच सोडत नाही. "एक तुकडा लावून उठतो" हे वाक्य जगात कुणी पाळलं असेल असं मला वाटत नाही.

सिनेमाचं बरोबर उलटं. तो ठरल्या वेळी संपतो, दिवे लागतात, मोकळे. दोन तास दुसऱ्या कुणीतरी आपली जबाबदारी घेतलेली असते. आठवडाभर निर्णय घेऊन शिणलेल्याला यासारखा आराम नाही. घोळ होतो तो आधी, निवडताना. ट्रेलर बघत आणि याद्या खालीवर सरकवत पाऊण तास जातो, आणि शेवटी पूर्वी पाहिलेलंच काहीतरी लागतं. म्हणून नाव शुक्रवारीच ठरवून ठेवा, आणि एका दिवशी एकच. दोन चांगले सिनेमे लागोपाठ पाहिले की दोन्ही पातळ होतात. मालिका मात्र या हिशेबात धरू नका. पुढचा भाग आपोआप सुरू होतो, म्हणजे संपण्याचा जो गुण सिनेमात आहे नेमका तोच तिथे नाही. दोन तास जड वाटत असतील तर लघुपट पाहा. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये तिकीट लावून जो खेळ केला, त्यातल्या दहाही फिल्म मिनिटभराच्या आतल्या होत्या.

संगीताला पूर्वी थांबे होते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली, तरी उठून ती उलटावी लागेच, आणि उठल्यावर आणखी ऐकायचं का हेही ठरायचं. आताची प्लेलिस्ट संपतच नाही, त्यामुळे ती ऐकलीही जात नाही. खोलीत नुसती चालू असते. मला विचाराल तर एक अख्खा अल्बम किंवा एक पूर्ण मैफल निवडावी, ती संपली की बंद करावं. जिगसॉबरोबर वाद्यसंगीत छान जमतं. शब्दकोड्याबरोबर गाणी नकोत, ऐकू येणारे शब्द शोधायच्या शब्दांना मागे ढकलतात.

चालण्याचा हिशेब सर्वांत सरळ: जितकं गेलात तितकंच परत यायचं आहे. रोज १०,००० पावलं हा आकडा डोक्यातून काढून टाका. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावलं मोजायच्या यंत्रामुळे रूढ झाला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. दोन्ही दिवस सव्वा-सव्वा तास भरभर चाललात तर तेवढा भरतो. वाट चढाची असेल तर नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा आडाखा कामाला येतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक. यात विश्रांती धरलेली नाही, नवख्याने थोडी भर घालावी.

चालण्याचा कोड्यांशी एक गमतीशीर संबंध आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या २०१४ च्या प्रयोगांत चालताना, आणि चालून येऊन बसल्यावरही, लोकांना बसलेल्यांपेक्षा जास्त नव्या कल्पना सुचल्या. मात्र एकच नेमकं उत्तर शोधायच्या कामात चालण्याने फायदा झाला नाही. म्हणजे शब्दकोड्यातल्या आडमुठ्या संकेताचे वेगवेगळे अर्थ सुचायला हवे असतील तर तो डोक्यात घेऊन खुशाल बाहेर पडा. सुडोकू घरीच ठेवा.

आता निवड. आठवडाभर स्क्रीनसमोर बसत असाल तर चालणं आणि जिगसॉ, सिनेमा फार तर एक. उभ्याने किंवा अंगमेहनतीचं काम असेल तर चालण्याचा आग्रह सोडा. सिनेमा आणि संगीत घ्या, अपराधी वाटून घेऊ नका. माणसांशी बोलून बोलून थकला असाल तर एकट्याने चाला, तेही कानात काही न घालता. झोपेची तक्रार असेल तर जिगसॉ जेवणानंतर उघडूच नका. आणि दोघं असाल, त्यातही एकाला बोलायचं आणि दुसऱ्याला गप्प बसायचं असेल, तर जिगसॉला पर्याय नाही. फक्त कोपरे आधीच वाटून घ्या, आकाश कुणाच्या वाट्याला हेही.