ओपीडीत नंबर लागेपर्यंत: तुळशीबागेतला क्रोशाच्या सुयांचा सेट

आधीच सांगतो, ज्यांना क्रोशे छान येतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू नाहीये. मी पंचेचाळीशीचा माणूस, शाळेत शिवणाच्या तासाला पळून जायचो. पण बाबांना शुगर आहे, त्यामुळे दर काही महिन्यांनी डोळ्याच्या पडद्याची तपासणी असते, आणि ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीये की त्यात तपासणी दहा मिनिटं आणि बाकी सगळं बसणं. आधी टोकन, मग चष्म्याचा नंबर, मग बाहुली मोठी करायचे थेंब, ते चढायला वीस-तीस मिनिटं, नाही चढले तर परत थेंब, आणि मग डॉक्टर ऑपरेशनमध्ये. सकाळी नऊला गेलो की दीड कुठे गेला नाही.

मोबाईलने हा वेळ जात नाही असं नाही, पण एकदा मी रील बघत बसलो आणि बाबांचं नाव पुकारलेलं ऐकलंच नाही, नंबर गेला, आणखी एक तास. पुस्तक नेलं तर दर पानाला मान वर. तेव्हा डोक्यात आलं की हातात असं काहीतरी पाहिजे जे अर्ध्यात टाकून उठता येईल आणि कान मोकळे राहतील. आत्या म्हणाली, "क्रोशे शिक, त्यात एकच टाका उघडा असतो." हे तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतंय. दोन सुयांच्या विणकामात सुई निसटली तर अख्खी ओळ उघडी पडते. क्रोशात एकच फास असतो, तो जरा ओढून मोठा करायचा, पिशवीत कोंबायचं आणि चालू पडायचं.

तर सेट. तुळशीबागेतल्या गल्लीतून घेतला, २८० रुपये, डब्यावर कंपनीचं नावही धड नाही. २ ते ६ एमएम अशा नऊ अ‍ॅल्युमिनियमच्या सुया, रंगीत रबरी मुठी, सोबत टाक्यांना खूण करायच्या प्लॅस्टिकच्या पिना आणि दोन जाड्या सुया, शेवटचा दोरा लपवायला. मुठी खरंच चांगल्या आहेत. आत्याच्या जुन्या स्टीलच्या सुईने अर्ध्या तासात माझ्या बोटाला खड्डा पडायचा, याने दोन तास काही होत नाही. ३ आणि ३.५ च्या सुया झकास, गुळगुळीत. पण २ ची सुई भंगार, टोकाच्या खाचेला कंगोरा राहिलाय, दोऱ्याचे पदर फाटतात, मी बारीक पॉलिशपेपरने घासली तेव्हा कुठे चालली. मुठींवरच्या आकड्यांची शाई महिन्यात उडाली, आता बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके दिलेत. आणि सेटच्या पिशवीची चेन, तिच्यात दोरा अडकतोच अडकतो.

सेटमध्ये मिळत नाहीत अशा दोन गोष्टी सांगतो. दोऱ्याचा गुंडा वेटिंग हॉलमध्ये घरंगळतो आणि कुणाच्या तरी चपलेखाली जातो, त्यासाठी श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, झाकणाला गरम सळईने भोक पाडा, दोरा त्यातून बाहेर काढा. कात्री नेऊ नका, नेलकटरने दोरा मस्त तुटतो.

शिकताना मात्र यूट्यूबने मला आठवडाभर येडा केला. अमेरिकन बाई ज्या टाक्याला सिंगल क्रोशे म्हणते त्याला इंग्लंडची बाई डबल म्हणते, आणि अमेरिकन डबल म्हणजे तिकडे ट्रेबल. दोघींचं बघून एकच रुमाल केला तर काय होणार, टोपी झाली. शेवटी आत्याला फोन, तिची टाक्यांची नावं सरळ: साखळी, मुका खांब, खांब. सहा साखळ्यांचा गोल, त्यात बारा खांब, पुढच्या फेरीला चोवीस, मग छत्तीस. दर फेरीला बारा वाढले की गोल सपाट बसतो, कमी वाढवले की वाटी होते, जास्त झाले की कडेला झालर. बास, एवढ्यावर माझे चौदा कोस्टर झालेत, सगळे ओपीडीतले, घरी एकही टाका घातलेला नाही.

पहिल्या दिवशी बाबा वैतागले होते. "अरे लोक बघतायत, ठेव ते आत." लोक बघत होतेच, शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "तुमचा तिसरा खांब सैल पडतोय," आणि हातातून घेऊन दोन फेऱ्या करूनच दिल्या. थेंब घातले की बाबांना जवळचं काहीच दिसत नाही, पेपर नाही, मोबाईल नाही, नुसतं बसायचं. मागच्या वेळी मी नावाकडे कान लावून होतो आणि माझी मोजणी चुकली, तर बाजूने डोळे मिटूनच म्हणाले, "एकोणतीस झाले, तू मघाशी सत्तावीस म्हणालास." म्हणजे मनात मोजत होते. आता मोजायचं काम त्यांच्याकडे, मी फक्त विणतो.

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कापला तो २ च्या सुईसाठी आणि त्या चेनसाठी. नवीन शिकणार असाल तर अख्खा सेट घेऊच नका, मुठीवाली ३ एमएमची एकच सुटी सुई मागा आणि जरा जाड सुती दोरा, फिकट रंगाचा. काळा घेऊ नका, दवाखान्यातल्या ट्यूबलाइटमध्ये काळ्या दोऱ्याचे टाके दिसत नाहीत.