बीबीसी मायक्रो मॉडेल बी : एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरून झाल्यावर

जुना कॉम्प्युटर घ्यायचाय, स्वतः दुरुस्त करायचाय आणि घरात चालता ठेवायचाय, तर पहिलं मशीन कोणतं घ्यावं? मला विचाराल तर बीबीसी मायक्रो मॉडेल बी. कॉमोडोर ६४ ला गेम जास्त आहेत, स्पेक्ट्रम कपाटात कमी जागा खातो, सगळं मान्य. पण उघडून, मोजून, बदलून परत लावायला इतकं सरळ मशीन माझ्या हाताखालून दुसरं गेलेलं नाही. पुण्याचा पावसाळा आणि कोरडा मे महिना दोन्ही काढून झाल्यावर लिहितोय, त्यामुळे नव्या नवलाईचं कौतुक यात सापडणार नाही.

थोडी पार्श्वभूमी. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या संगणक साक्षरतेच्या उपक्रमासाठी हे मशीन डिसेंबर १९८१ मध्ये आणलं. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ही त्यामागची मुख्य नावं. पुढे याच दोघांनी पहिल्या एआरएम प्रोसेसरची रचना केली, ज्याचे वंशज आज आपल्या मोबाइलमध्ये आहेत. आत ६५०२ प्रोसेसर, २ मेगाहर्ट्झ, ३२ केबी रॅम. आपल्याकडे १९८४ पासून केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांमध्ये गेली ती हीच मशीनं. पन्नाशीच्या आसपासच्या कुणाकुणाला चपला बाहेर काढून आत जायची ती कॉम्प्युटरची खोली आठवत असेल. माझं मशीन मात्र इंग्लंडहून मावसभावाच्या बॅगेतून आलं.

आता मुद्द्याचं. हे मशीन आलं की लगेच प्लग लावू नका. पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या तारांवर दोन फिल्टर कपॅसिटर असतात, एक ०.१ मायक्रोफॅरडचा आणि एक ०.०१ चा. पिवळसर, अर्धपारदर्शक कवच, आत कागद. चाळीस वर्षांत कवचाला बारीक तडे जातात, तड्यांतून कागदात दमट हवा शिरते आणि एक दिवस स्विच चालू केल्यावर खोलीभर पांढरा, घसा धरणारा धूर होतो. गंमत म्हणजे तेव्हाही कॉम्प्युटर बहुधा चालूच राहतो, कारण या कपॅसिटरांचं काम फक्त विजेच्या लाइनवरची खरखर गाळायचं. माझ्या मशीनमधल्या दोन्हींवर तडे नुसत्या डोळ्यांना दिसत होते. धूर होण्याआधीच काढले.

नवे घ्यायला तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो. काउंटरवरच्या पोराने कागदावरचा आकडा बघून विचारलं, “काका, पंख्याचा देऊ का?” पंख्याचा अजिबात नको. एक्स-२ असा शिक्का आणि २७५ व्होल्ट एसी लिहिलेलाच घ्यायचा, कारण हा प्रकार बिघडला तरी पेट घेऊ नये अशा बेताने बनवलेला असतो. आतल्या बाजूच्या दुकानात मिळाला, चहाच्या किमतीत. त्याच बैठकीत सप्लायमधला २२० मायक्रोफॅरडचा छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलून टाका. आणि एक सूचना: प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर काही वेळ चार्ज धरून असतो. मीटर लावून खात्री केल्याशिवाय बोट घालायचं नाही.

खोलायला सोपं किती, तर ज्या स्क्रूंनी झाकण धरलंय त्यांच्याशेजारी ‘फिक्स’ असं छापलेलं आहे. झाकण निघालं की सगळा बोर्ड समोर. सप्लायकडून बोर्डाकडे तीन लाल तारा, तीन काळ्या आणि एक जांभळी. लाल म्हणजे ५ व्होल्ट, जांभळी म्हणजे उणे ५. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण ही अदलाबदल मशीन माफ करत नाही. बरेचसे महत्त्वाचे चिप सॉकेटमध्ये आहेत, म्हणजे संशयिताला उचलून दुसरा बसवता येतो. ७४एलएस मालिकेतले साधे चिप अजूनही सुटे मिळतात. आणि बोर्डावर बॅटरीच नाही! याच घराण्यातल्या नंतरच्या मास्टर १२८ मध्ये आहे. जुन्या मशीनमधली अशी बॅटरी गळली की आजूबाजूचं तांबं खाऊन टाकते. निव्वळ या कारणासाठीही मी नवख्याला मॉडेल बीच सुचवीन.

पावसाळ्यात मात्र त्याने छळलं. चालू केल्यावर या मशीनचा एक खालच्या पट्टीतला आवाज येतो आणि लगेच वरच्या पट्टीतला बीप. जुलैमध्ये मध्येच नुसता खालचा सूर, न थांबता, आणि पडदा कोरा. म्हणजे मशीन उठलंच नाही. घाबरायचं कारण नाही: रॉम आणि मोठे चिप सॉकेटमधून हलकेच वर उचलायचे, पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, परत दाबून बसवायचे. चिपचे पाय काळे पडले होते, तेच कारण. नंतर झाकून ठेवताना आत सिलिका जेलच्या पुड्या टाकायला लागलो आणि त्याहून उपयोगी म्हणजे पावसाळ्यात दोन-तीन दिवसांआड तासभर चालू ठेवायला लागलो. आतल्या उबेने दमटपणा राहत नाही. तेव्हापासून तो लांबलचक सूर क्वचितच ऐकला.

पडद्याची गोष्ट आपल्याकडे थोडी अडचणीची. इंग्लंडमधले लोक स्कार्टची, म्हणजे युरोपातल्या टीव्हींच्या मागच्या रुंद सॉकेटची, केबल लावून जुन्या टीव्हीवर सुंदर रंग मिळवतात. आपल्या टीव्हींना स्कार्ट फारसं कधी नव्हतंच. मागच्या बीएनसी सॉकेटमधून कॉम्पोझिट सिग्नल मिळतो आणि तो टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला चालतो, पण मूळ अवस्थेत तो कृष्णधवल. मी काही दिवस त्यावर काढले. शेवटी मशीनचा रंगीत सिग्नल एचडीएमआयमध्ये बदलणारं आरजीबी-टू-एचडीएमआय घेतलं, ते रास्पबेरी पाय झिरो या छोट्या कॉम्प्युटरवर चालतं. नेहमीच्या मॉनिटरवर ठिपका न ठिपका स्वच्छ. सगळ्या जोडसाहित्यात पैसे वसूल झाले ते इथे.

फ्लॉपीच्या भानगडीत पडलोच नाही. खालच्या यूजर पोर्टला एसडी कार्डाचा छोटा बोर्ड लावला, सोबतचा रॉम मोकळ्या सॉकेटमध्ये बसवला. कार्डावरच्या एकाच फाइलमध्ये ५११ डिस्क मावतात. शिफ्ट धरून ब्रेक दाबलं की डिस्क आपोआप सुरू. तक्रार एवढीच की काही नवी मोठी कार्डं त्याला पटत नाहीत, घरातलं जुनं लहान कार्ड शोधावं लागतं.

ब्रेकचं बटण लाल फंक्शन कीच्या ओळीतच टोकाला आहे आणि चुकून दाबलं जातंच. प्रोग्रॅम गेला असं वाटतं. ‘ओल्ड’ टाइप केलं की परत येतो, फक्त त्याआधी नवी ओळ टाइप करायची नाही. माझ्या भाचीने हे दहा मिनिटांत आत्मसात केलं. लाइट गेल्यावर मात्र ‘ओल्ड’ काही करू शकत नाही.

माझा जास्तीत जास्त वेळ गेला तो देवनागरी अक्षरं काढण्यात. या मशीनच्या बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत व्हीडीयू २३ अशी आज्ञा आहे. तिच्यापुढे अक्षराचा क्रमांक आणि आठ आकडे दिले की आठ बाय आठच्या चौकटीत आपलं अक्षर तयार. शिरोरेषेच्या ओळीला २५५ दिलं की आठही ठिपके पेटतात आणि शेजारच्या अक्षराशी रेषा जोडली जाते, मध्ये फट नाही. पहिल्यांदा पडद्यावर अखंड शिरोरेषा दिसली तेव्हा मी चक्क टाळी वाजवली. पुढे खरी पंचाईत. वेलांटी आणि मात्रेला वर जागा हवी, म्हणजे दोन ओळी सोडा, तिसरीत शिरोरेषा, मग अक्षराला उरल्या पाच. पाच ओळींत ‘ग’ आणि ‘न’ निभावतात, ‘ष्ट’ काही केल्या बसत नाही, आणि उकार खालच्या ओळीतल्या चौकटीत ढकलावा लागतो. शिवाय या मशीनला पडदा दाखवायचे वेगवेगळे मोड आहेत, त्यातल्या टेलीटेक्स्टच्या (टीव्हीवरच्या मजकुराच्या पानांसारख्या) मोड ७ मध्ये हे चालत नाही, तिथली अक्षरं वेगळ्या चिपमध्ये पक्की कोरलेली आहेत.

म्हणून मोड बदलला की मेमरीचा हिशेब आला. मोड ७ चा पडदा १ केबी खातो, मोड ० चा २०. डिस्कचा रॉम बसवलेला असला की मोड ० मध्ये तुमच्या प्रोग्रॅमसाठी ५,८८८ बाइट उरतात, व्हेरिएबलही त्यातच. मी बरंचसं काम मोड ४ मध्ये करतो, तिथे पडद्याला १० केबी जातात.

कीबोर्ड दणकट. दोन-तीन कळा एकदा दाबून दोनदा उमटत होत्या, कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब सोडून शंभरेक वेळा दाबल्यावर सुधारल्या. खोका पिवळट पडलाय, तसाच राहू दे. पिवळेपणा घालवायला पेरॉक्साइड चोपडून उन्हात ठेवण्याचा उद्योग मला पटत नाही.

विकत घेताना विक्रेत्याकडे दोन गोष्टी मागा: झाकण काढून काढलेला बोर्डाचा फोटो, आणि स्विच चालू करतानाचा आवाजासकट व्हिडिओ. बोर्डावर कुणी सोल्डरचे डाग देऊन ठेवलेत का, चिप गायब आहेत का, हे फोटोत कळतं. व्हिडिओत दोन्ही बीप लागोपाठ यायला हवेत. ‘पॉवर येते, बाकी तपासलेलं नाही’ असं लिहिलेलं मशीन चालू मशीनच्या निम्म्या भावात पडत असेल तरच घ्या. आणि पॉवर सप्लाय दुरुस्त केलाय असं म्हणत असतील तर तोही उघडून दाखवा म्हणायचं.