फिकट ग्रॅनाइटचा ओटा: १४ महिने वापरल्यानंतर

ओटा बसवून १४ महिने झाले. स्वयंपाकघरात फिकट करडा, जवळजवळ पांढरा ग्रॅनाइट आहे आणि बाथरूममध्ये बेसिनखाली काळा. दोन्ही दगड ग्रॅनाइट म्हणूनच मिळाले, त्यामुळे सुरुवातीला दोघांची काळजी मी एकाच पद्धतीने घेतली. त्यातून जे काही झालं ते सविस्तर लिहिते आहे. नवा ओटा करायला निघालेल्यांना आणि पडलेल्या डागाकडे बघून हळहळणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

पहिला डाग तिसऱ्याच आठवड्यात पडला. तेलाच्या बाटलीचं बूड तेलकट होतं आणि ती रात्रभर शेगडीशेजारी तशीच राहिली. सकाळी उचलली तर खाली गडद वर्तुळ. साबणाने घासलं, कोमट पाण्याने पुसलं, वर्तुळ जसंच्या तसं. बोट फिरवून पाहिलं तर चिकटपणा नाही, पॉलिशही शाबूत. तेल वर नव्हतंच, ते दगडात मुरलं होतं. एवढा कठीण दगड तेल पितो, हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

कठीणपणा आणि शोषण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जमिनीच्या पोटात तप्त शिलारस अगदी सावकाश थंड होतो, तेव्हा ग्रॅनाइट तयार होतो. त्यात मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार, सोबत थोडं अभ्रक वगैरे. मोहस् मापावर क्वार्ट्झचं काठिण्य ७, फेल्डस्पारचं ६ आणि नेहमीच्या सुरीच्या पोलादाचं साधारण साडेपाच, म्हणून सुरीचा चरा सहसा उमटत नाही. पण स्फटिक कितीही घट्ट गुंतले तरी त्यांच्या सांध्यांत बारीक फटी राहतात. कापताना, घासताना आणखी सूक्ष्म तडे पडतात. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं पाणी आणि तेल या फटींतून आत ओढलं जातं. बांधकामातल्या ग्रॅनाइटसाठी एएसटीएम सी ६१५ हे मानक वापरतात. त्यानुसार दगडाने वजनाच्या ०.४० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये. आकडा किरकोळ वाटतो, म्हणून मी हिशेब केला. दोन सेंटिमीटर जाडीची एक चौरस मीटर लादी ५२-५३ किलोच्या आसपास भरते. तिचे ०.४ टक्के म्हणजे २०० मिलिलिटरहून थोडं जास्त. मानकात चोख बसणारा दगडही भिजत ठेवला तर पेलाभर पाणी पोटात घेऊ शकतो.

काळा दगड मात्र जवळजवळ काहीच पीत नाही. काळा ग्रॅनाइट म्हणून विकले जाणारे बरेच दगड भूशास्त्राच्या दृष्टीने गॅब्रो किंवा डोलेराइट नावाचे वेगळेच दगड असतात, आणि ते बहुधा जास्त घट्ट असतात. हे आधी समजलं असतं तर पुढची चूक टळली असती.

डागानंतर मी घाईने सीलर, म्हणजे दगडाला लावायचं पाणी-तेल अडवणारं द्रावण, आणला आणि दोन्ही दगडांना लावला. फिकट दगडाने तो शोषून घेतला. काळ्यात आत शिरायला जागाच नव्हती, त्यामुळे तो वरच वाळला. दोन दिवसांत काळ्यावर धुरकट थर दिसायला लागला आणि हात लागला की बोटांचे ठसे उमटू लागले. उपाय सोपा निघाला. तोच सीलर पुन्हा थोडासा लावायचा, त्याने वाळलेला थर सैल होतो, आणि लगेच कोरड्या फडक्याने जोर लावून पुसून घ्यायचं. दोन वेळा केल्यावर चमक परतली. काळ्याला तेव्हापासून काहीही लावलेलं नाही आणि त्याचं काही अडलेलंही नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे: सीलर विकत घेण्याआधी पाण्याची परीक्षा घ्या, आणि ती एकाच जागी घेऊ नका. ओटा दोन दिवस कोरडा ठेवून चार-पाच ठिकाणी चमचाभर पाणी ओतायचं आणि घड्याळ लावायचं. माझ्याकडे सिंकजवळ ४ मिनिटांत दगड गडद झाला, मधल्या भागात ७ मिनिटांत आणि काळ्यावर अर्ध्या तासानेही फरक पडला नाही. एकाच लादीत सिंकजवळ एक आणि मध्ये दुसरंच, कारण स्फटिकांची ठेवण सगळीकडे सारखी नसते. काळ्या दगडाची आणखी एक तपासणी मी केली. पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन कोपऱ्यात घासून पाहिलं. फडकं काळं झालं तर दगडाला रंग चढवलेला आहे असं समजावं. माझं फडकं स्वच्छ राहिलं.

सीलरकडून नेमकी काय अपेक्षा ठेवायची, हे समजायला मला दोन-तीन महिने लागले. मी वापरला तो सिलोक्सेनचा, आत मुरणारा. वर प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारे प्रकार मी टाळले, कारण ते पुढे ओरखडतात आणि सोलवटतात. सीलरनंतर सिंकजवळचं पाणी २५ मिनिटांनीही मुरलं नाही. तेल मात्र रात्रभर ठेवल्यावर पुसट ठसा उमटलाच. सिलोक्सेन मुख्यतः पाणी दूर ठेवतो. तेलासाठी फ्लोरिनयुक्त सीलर जास्त उपयोगी पडतो, आणि शेगडीजवळच्या भागाला मी तोच घ्यायला हवा होता. कुठलाही घेतला तरी सांडलेलं पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो, एवढंच.

असे प्रयोग आता मी थेट ओट्यावर करत नाही. सिंकसाठी भोक पाडताना निघालेला तुकडा मी कारागिराकडून मागून ठेवला होता. तो फेकून देऊ नका, आवर्जून मागा. तेल, साबण, ॲसिटोन, सीलर, सगळं आधी त्यावर. बऱ्याच लाद्यांमधल्या बारीक फटी कारखान्यातच इपॉक्सी रेझिनने भरलेल्या असतात, त्यामुळे कोणतं द्रावण तुमच्या दगडाला चालेल हे तुकड्यावरच पाहिलेलं बरं.

तेलाचं वर्तुळ लेपाने काढलं. पांढरी केओलिन माती ॲसिटोनमध्ये दह्याइतकी दाट कालवली, अर्धा सेंटिमीटर जाड थापली, वर प्लास्टिक चिकटवलं. शेगडी बंद, खिडक्या उघड्या, कारण ॲसिटोन भडकन पेटतो. २४ तासांनी प्लास्टिक काढलं आणि लेप पूर्ण सुकू दिला. इथे घाई करायची नाही. द्रावण तेलाला सैल करतं, आणि लेप सुकत जातो तसं ते तेल वर ओढलं जाऊन मातीत उतरतं. ओला लेप खरवडून टाकला तर तेल आतच राहतं. पहिल्या खेपेला वर्तुळ निम्मं फिकट झालं, तिसऱ्या खेपेनंतर मला स्वतःलाच शोधावं लागलं. सीलर मात्र मी डाग काढण्याआधीच लावून बसले होते. त्यामुळे आतलं तेल निघायला बहुधा जास्त वेळ लागला. आधी डाग, मग सीलर.

नळाभोवतीचा करडा ओलसरपणा मला बरेच दिवस छळत होता. वरून सीलर लावूनही जाईना. शेवटी सिंकखाली डोकं घालून बॅटरी मारली. भोकाची कापलेली कड खरखरीत, पॉलिश नसलेली, आणि नळाच्या बुडातून झिरपणारं पाणी तिथून थेट दगडात जात होतं. नळ नीट बसवला, कड आठवडाभर सुकू दिली आणि ब्रशने खालून सीलर लावला. दोन आठवड्यांत करडी छटा गेली. ओटा बसवतानाच या कडेला सीलर लावून घ्या, नंतर तिथे हात पोचवणं फार अवघड जातं.

रोजचं काम थोडंच आहे: कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ फडकं, मग कोरडं पुसणं. साबण जास्त झाला की त्याचाच थर बसून दगड निस्तेज दिसतो. नळाजवळ साचणारे पांढरे क्षार वरचेच असतात, ते मी प्लास्टिकच्या कार्डाने खरवडते. व्हिनेगर वापरत नाही. क्वार्ट्झला त्याने काही होत नाही, पण सीलर खराब होऊ शकतो, आणि दगडात कॅल्साइटची रेघ असली तर ती खरवडल्यासारखी दिसते. गंज काढणाऱ्या काही द्रव्यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते सिलिकेट दगडालाच खातं आणि माणसालाही अतिशय घातक आहे, ते घरात आणूच नये. गरम भांडं हा दगड सोसतो, तरी सिंकपुढच्या अरुंद पट्टीवर मी ते कधी ठेवत नाही. एकाच जागी एकदम उष्णता लागली की तिथे तडा जाण्याची भीती असते.

तेराव्या महिन्यात पुन्हा पाण्याची परीक्षा घेतली. सिंकजवळ ९ मिनिटांत गडद झालं, बाकी ठिकाणी वीस मिनिटं उलटून गेली, म्हणून नवा सीलर फक्त सिंकभोवती लावला.

एक डाग मात्र अजून हटलेला नाही. सिंकच्या सांध्यालगत बोटभर रुंदीची गडद रेघ आहे, ती सांधा भरायला वापरलेल्या सिलिकॉनमधून झिरपलेल्या तेलकट द्रव्याची. लेपाने थोडी फिकट होते आणि महिन्याभरात परत येते, कारण उगम तिथेच बसलेला आहे. जुनं सिलिकॉन कापून काढायचं आणि नैसर्गिक दगडासाठी बनवलेलं, डाग न सोडणारं भरायचं ठरवलं आहे. त्याचा एक पट्टा त्या जपून ठेवलेल्या तुकड्याच्या कडेला ओढून ठेवलाय. महिनाभर त्याच्याकडे बघणार, दगड तसाच राहिला तर मगच सिंकला हात लावेन.